ठिबकू दे

४ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण सातवा महिना आहे, वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा उभ्यानेच घे.

घराचा ताबा मिळाला. जुनं आहे, पण भिंती सरळ आहेत आणि उजेड भरपूर. आधीच्या लोकांनी जाताना दारांच्या कड्यासुद्धा काढून नेल्या. न्हाणीघरातला गिझर तेवढा मागे सोडला, यावरून तो कसा असेल ते तूच ओळख. पंचवीस लिटरचा, उभा, पिवळा पडलेला. चालू केला की आतून कुरकुरतो, म्हाताऱ्याने खाटेवर कूस बदलावी तसा. इथलं पाणी जड. आठवड्याभरात नळाच्या तोंडाला पांढरी दाढी येते. नवरा म्हणतो, नवीनच घेऊ. मी म्हटलं, थांब जरा. माझ्या मामाचं अख्खं आयुष्य गिझर दुरुस्त करण्यात गेलंय. त्याने 'गेला' म्हटल्याशिवाय कुठलाही गिझर गेलेला नसतो.

तर सांग, याला आणखी पाच-सहा वर्षं कसं जगवायचं? आणि खरं म्हणजे लिहितोस कशाला, येच ना! चौतीस वर्षांची झाले मी. मावशीकडे भेटतोस, पत्रं लिहितोस, पण बाबांच्या घरी कधी आला नाहीस आणि लग्नानंतर माझ्याही घरी नाही. लहानपणी मला वाटायचं, आमचा उंबरा मामाला चावतो. मी चार वर्षांची असताना आई तापाने गेली, या एका वाक्यापलीकडे तुम्ही मोठी माणसं तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. निदान गिझरबद्दल तरी बोल. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

तुझी ठकू


११ नोव्हेंबर

ठकूबाई,

आशीर्वाद घे, आणि हे पत्र भिंतीला चिकटवून ठेव.

गिझर गेलेला नाही. त्याचं पोट साफ नाही, इतकंच. जड पाण्यातला क्षार तळाशी बसतो, त्याच्या थराखाली पाणी अडकून उकळतं आणि तेच कुरकुरतं. उपाय सोपा आहे. सकाळी अंघोळी झाल्या की मेन स्विच बंद करायचा. नुसतं बटण नव्हे, मेन स्विच! संध्याकाळपर्यंत टाकी गार होऊ दे. मग गार पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, आणि खालून पाणी बादल्यांत काढा. जे बाहेर पडेल ते बघून जावईबापू त्या दिवशी जेवणार नाहीत. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा भरा, पुन्हा काढा. वर्षातून एकदा सगळे करतात, तू दोनदा कर.

आता खरी गोष्ट. खालचं झाकण उघडलं की कॉइलशेजारी मॅग्नेशियमची एक कांडी दिसेल. पाण्याला खायला काहीतरी लागतंच. ते कांडी खात असतं तोवर टाकीचं लोखंड वाचतं. लोक बारा-बारा वर्षं कांडी बदलत नाहीत, टाकीला भोक पडलं की कंपनीच्या नावाने खडे फोडतात. कांडी बोटाएवढी असेल तर राहू दे, पेन्सिलीएवढी झाली असेल तर बदल. तापमान पंचावन्नावर ठेव. सत्तरवर क्षार दुपटीने बसतो, आणि आता घरात बाळ येणार. अंघोळ झाली की बंद. दिवसभर चालू ठेवायला तो काही देवघरातला दिवा नाही.

माझा कान कामातल्या ठोकाठोकीने गेला असं सगळे म्हणतात, म्हणून मी टाकीवर तळवा ठेवून तपासतो. गिऱ्हाइकं हसायची, "मामा नाडी बघतायत." हसू देत. तळवा कधी खोटं बोलला नाही.

माझ्याकडे मात्र गिझर नाही. बाराही महिने गार पाणी. वैद्याच्या घरी औषध नाही, तशातला प्रकार. येण्याचं म्हणशील तर पाठीला बस सोसत नाही. बघता बघता चार पानं झाली, आणि लिहिण्यासारखं काही राहिलेलं नाही.

मामा


२२ नोव्हेंबर

मामा,

तुझी चार पानं न्हाणीघराच्या दारावर लावली आणि रविवारी मोहीम काढली. नवऱ्याने नवी हत्यारपेटी आणलीय, त्यामुळे तो चार दिवस पाना घेऊनच घरभर हिंडतोय. मी स्टुलावर बसून तुझं पत्र मोठ्याने वाचत होते. अकरा बादल्या निघाल्या! पहिल्या चार तर चुना कालवल्यासारख्या. मग अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे, ओंजळभर. आणि तुझी ती कांडी! कांडी कसली, गंजक्या तारेवर दोन खडे लटकत होते. नवी बसवली. कुरकुर बंद झाली, पाणी लवकर तापतं. नवरा शेजाऱ्यांना बोलावून दाखवतोय, जणू गिझर त्यानेच जन्माला घातलाय.

एकच राहिलं. गार पाण्याच्या पाइपवर एक छोटा व्हॉल्व्ह आहे, बाजूला चिमुकली दांडी असलेला. पाणी तापायला लागलं की त्याच्या तोंडातून ठिबकतं. टप, टप, टप. खाली फरशी ओली होते. परवा माझा पाय सटकला, भिंत धरली म्हणून वाचले. तू इतकं बारीकसारीक लिहिलंस, पण या व्हॉल्व्हबद्दल अक्षर नाही. विसरलास का? बिघडलाय का तो? बदलायचा की बंद करायचा?

तुझी ठकू


२७ नोव्हेंबर

ठकू,

ठिबकू दे.

त्याला हात लावू नका. तो बिघडलेला नाही, ठिबकतोय तो बरा आहे. फरशी ओली होत असेल तर तोंडाला रबरी नळी लावून ती जाळीपर्यंत सोड, पण नळीचं दुसरं टोक उघडं राहिलं पाहिजे. तोंड बंद करायचं नाही. तू सांभाळून चाल, पायपुसणं टाक, काहीही कर.

कारण विचारू नकोस. सांगितलं तर तू मला पत्र लिहायचं बंद करशील, आणि माझ्यापाशी तेवढंच आहे.

विसरलो नव्हतो. पानावर जागाही होती. हात पुढे सरकला नाही.

तुला म्हणून सांगतो. मला फटाका ऐकू येत नाही, दारावरची थाप ऐकू येत नाही, पण ठिबकणं ऐकू येतं. माझ्या घरात गरम पाण्याचं यंत्र नाही, तरी येतं. नळांखाली फडकी ठेवून पाहिली, कोरडीच राहतात. पंपाच्या मोटारीपासून घरात येणारं पाणीच तोडलं, तरी येतंच. शेजारचा शिंपी बिचारा तीनदा येऊन घरभर बघून गेला. तो बोटाने हवेत फुली मारून दाखवतो, काही नाही म्हणून. मी मान हलवतो. चालू असतं तोवर माझं ठीक असतं. भीती वाटते ती ते थांबतं तेव्हा. थांबलं की मी घराबाहेर जाऊन उभा राहतो.

मामा


९ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून मला रडू आलं, आणि थोडा रागही. असं काय लिहितोस रे? मी पत्र लिहायचं बंद करीन? सात वर्षांची असल्यापासून तुला लिहितेय, पहिल्या पत्रात 'मामा' सोडून सगळे शब्द चुकले होते, तरी तू उत्तर दिलंस. एकटा राहून राहून तुझ्या डोक्यात भलतंसलतं येतंय. बाळंतपण झालं की मी तुला इकडे घेऊन येणार. नाही म्हणायचं नाही.

नळीचं आम्ही करून पाहिलं, पण ती पायात यायची. परवा मी दुसऱ्यांदा घसरले. लागलं नाही, पण नवरा पांढराफटक पडला. म्हणाला, मामांचं सगळं ऐकलं, पण हे त्यांच्या मनाचे खेळ आहेत, त्यापायी मी तुला पडू देणार नाही. त्याने बाजारातून पितळेचा प्लग आणला आणि टेफ्लॉनची टेप गुंडाळून व्हॉल्व्हच्या तोंडात घट्ट बसवला. आता एक थेंब नाही! फरशी खडखडीत कोरडी. रागावू नकोस, माझ्यापायी केलंय त्याने.

आणि तुझ्या कांडीची कमाल बघ. आठवड्यापासून पाणी इतकं कडकडीत येतंय की निम्मी बादली गार घालावी लागते. पूर्वी तापलं की दिवा आपोआप विझायचा, आता विझतच नाही, आम्हीच पाच मिनिटांत बटण बंद करतो. नवरा म्हणतो, सर्व्हिसिंगचा गुण आहे. म्हातारा चांगलाच तरतरीत झालाय!

तुझी ठकू


१६ डिसेंबर

मामा,

तू परवा ज्या बसने गेलास ती दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते. तू मागे वळून पाहिलं नाहीस.

तुला त्यातलं किती आठवत असेल कोण जाणे, म्हणून लिहिते. सकाळची वेळ होती. नवरा अंघोळीला जायच्या आधी फोनवर बोलत बसला आणि गिझर चालूच राहिला. दार वाजलं नाही, थेट उघडलं. तू दारात उभा होतास. चुरगळलेले कपडे, हातात पिशवीसुद्धा नाही. मी "मामा!" म्हणून ओरडले, पण तू माझ्याकडे न बघता भिंती चाचपडत मेन स्विच शोधलास, खटका पाडलास आणि माझं मनगट धरलंस. नवऱ्याला कॉलरला धरून बाहेर काढलंस. मला चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत. शेजारची घरंही रिकामी करायला लावलीस. सगळी माणसं रस्त्यात. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या गालावर साबण. अडीच तास तू कुणाला पाऊल आत टाकू दिलं नाहीस आणि माझं मनगट सोडलं नाहीस. नवरा दोनदा काहीतरी म्हणाला, तू त्याच्या तोंडाकडेही पाहिलं नाहीस. मला वाटलं, मामाला खरंच वेड लागलं. लोकांसमोर लाज वाटली, तेही सांगते.

मग तू एकटाच आत गेलास. बाहेर आलास तेव्हा कोपरापर्यंत भिजला होतास. उंबऱ्यावरच बसलास, माझ्याकडे बघून म्हणालास, "ताई, उघडलं गं. या वेळेला उघडलं." पाणी दिलं तर प्यायला नाहीस.

दुपारी इलेक्ट्रिशियन आला. थर्मोस्टॅट चिकटून बसला होता, म्हणून दिवा विझत नव्हता. जादा तापलं की वीज तोडणारा जो कटआउट असतो, तो आधीच्या लोकांनी केव्हाच काढून तारा थेट जोडल्या होत्या. टाकीच्या पोटाला फुगवटा आलाय, शिवणीपाशी. त्याने प्लग तळहातावर धरून विचारलं, "हे कुणी केलं?" नवऱ्याने हात वर केला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, तापलेल्या पाण्याला फुगायला जागा लागते, ती तुम्ही बुजवलीत. रोज पाच मिनिटांत बंद करत होता म्हणून तुम्ही माझ्याशी बोलताय. नवरा दोन दिवस जेवलेला नाही.

मी बाबांना फोन केला. तू मला ताई म्हणालास ते सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यालाच विचार. माझ्याकडून त्याला मोकळीक आहे म्हणावं."

तर विचारते. आई कशाने गेली?

ठकू


२१ डिसेंबर

ठकू,

माझ्याने गेली.

मी सव्वीस वर्षांचा होतो. दुकान नुकतंच थाटलं होतं. पहिला गिझर हौसेने ताईकडे बसवला, माझ्या हाताने. तो ठिबकायचा. तेव्हा हे व्हॉल्व्ह नवे होते, पण तो ठिबकणारच हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. कागदावर छापलं होतं, मी वाचलं होतं. ताई येता-जाता चिडवायची, "मोठा आलाय मेकॅनिक, बहिणीच्या घरी धार लावून गेला." आलेल्या-गेलेल्याला दाखवायची. गंमतच करायची, दुसरं काही नाही. पण मला झोंबायचं. माझ्या हातचं काम गळतंय, हे मला बघवेना. एक दिवस प्लग घेऊन गेलो आणि तोंड बंद केलं. ताईने टाळ्या वाजवल्या.

अकरा दिवसांनी सकाळी मी सहज चहाला गेलो होतो. भावोजी कामावर होते. तू मावशीकडे होतीस, हे एक देवाने केलं. ताई पाणी घ्यायला आत गेली, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. पाणी ठिबकत नाही याचं मला बरं वाटत होतं, हेसुद्धा आठवतं. मग आवाज झाला. तो मी ऐकलेला शेवटचा आवाज. कान कामाने गेले नाहीत.

भावोजी मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. एवढंच कागदावर लिहून दिलं, "पोरीला मी तापाने गेली असं सांगणार आहे. तूही तेच सांग. म्हणजे तिला मामा राहील. पण माझ्या घरात येऊ नकोस, मला बघवणार नाही." इतका मोठा माणूस आहे तुझा बाप. मी कबूल झालो. तुझ्या घरी का आलो नाही, ते आता कळलं असेल. जिथे गिझर आहे त्या घरात गिऱ्हाईक म्हणून शिरता येतं, माणूस म्हणून नाही.

तीस वर्षांत हजारभर गिझर तपासले असतील. प्रत्येक घरात आधी तोच व्हॉल्व्ह बघितला. दांडी उचलायची, पाणी आलं की पुढचं काम. परक्यांना ओरडून सांगितलं. तुला चार पानं लिहिली आणि तेवढंच लिहिलं नाही. कारण 'व्हॉल्व्ह' लिहिलं असतं तर पुढचं वाक्य लिहावं लागलं असतं. ताई माझ्या हाताने गेली आणि तू माझ्या गप्प बसण्याने जाणार होतीस. जावईबापूंना सांग, दोष त्यांचा नाही. ज्याला माहीत होतं तो गप्प बसला.

ताई येते. खोटं वाटेल, पण लिहितो. ठिबकणं थांबलं की ती माझ्या दारात उभी असते, हातात रिकामी बादली. काही बोलत नाही, बादली पुढे करते. मी बाहेर पळतो तो याच्यासाठी.

उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन. नवा गिझर घे. तो ठिबकेल.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

मुलगी झाली. तीन आठवड्यांची आहे, नाक बाबांचं, आवाज कुणाचा ते अजून कळलेलं नाही. मोठा आहे एवढं नक्की.

तुला माफ केलं असं लिहायला बसले आणि कागद फाडले. मग माफ नाही केलं असं लिहायला बसले, तेही फाडले. सहा आठवडे हेच चाललंय. शिवाय नवरा रोज विचारतो, मामांना लिहिलंस का. तो आता दर सोमवारी व्हॉल्व्हची दांडी उचलून बघतो.

शेवटी काल पोरीला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला माझा राग सापडला. तू प्लग लावलास त्याचा नाही रे. सव्वीस वर्षांच्या पोराने मिजाशीत केलेली चूक, माझ्या डोळ्यांदेखत तीच चूक माझ्या नवऱ्याने मायेने केली, आणि मी टाळ्या वाजवल्याच ना? राग त्याचा नाही. राग याचा, की तुम्ही दोघांनी मिळून माझी आई गडप केलीत. तिचं मरण लपवायला तिचं जगणंही लपवलंत. माझ्याकडे तिचा एक फोटो आहे, त्यात तिचं तोंड मिटलेलं आहे. तिचे दात कसे होते हेसुद्धा मला माहीत नाही. ती लोकांना चिडवायची हे मला चौतिसाव्या वर्षी कळतं, आणि तेही त्या पत्रात!

मला तिचा चेहराही आठवत नाही, तुला ती अजून दिसते. म्हणजे तिथेही तूच जास्त घेतलंस.

तर शिक्षा ऐक. दर आठवड्याला एक पत्र, तिच्यावर. गिझर नाही, प्लग नाही, ती सकाळ नाही. त्याच्या आधीची एकतीस वर्षं. दातांपासून सुरुवात कर. आणि पत्र चुकलं तर मी पोरीला घेऊन तुझ्या दारात येऊन बसेन, मग पळ कुठे पळतोस ते.

ठकू


११ फेब्रुवारी

ठकू,

तिचा समोरचा एक दात तिरका होता. माझ्यामुळेच. हसू नकोस.

मी सहा वर्षांचा, ती अकराची. शेजाऱ्याची सायकल मागून आणली होती. ती चालवणार, मी मागून धरणार असं ठरलं. मी उतारावर सोडून दिली, गंमत म्हणून. ती थेट पाण्याच्या टाक्यावर जाऊन आदळली. दात हलला आणि वाकडाच बसला. घरी विचारलं तर म्हणाली, "मीच पडले." माझं नाव घेतलं नाही. पण माझ्याशी अबोला धरला.

साधासुधा नाही, दीड महिना. माझ्या ताटात वाढायची, माझी बटणं शिवून द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. भिंतीशी बोलायची, "भिंती, याला सांग, शाळेची घंटा झाली." मी रोज माफी मागायचं ठरवायचो आणि तिच्यासमोर गेलो की जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा तिच्या दप्तरात माझ्या सगळ्या गोट्या ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या उशाखाली परत, मोजून.

मग एका सकाळी मी पायरीवर बसलो होतो. ती मागून आली, माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी तीन पायऱ्या खाली गेलो. म्हणाली, "पुरे झालं आता. तुझ्याशिवाय मला भांडायला कोण आहे?" आणि तो वाकडा दात दाखवून हसली.

त्यानंतर आयुष्यात आमचे पंचवीस-तीस अबोले झाले असतील. चूक बहुतेक वेळा माझीच असायची. पण आधी बोलायचा धीर मला कधी झाला नाही, ठकू. दर वेळेला तीच यायची.

मामा